ठसे मारताना चामडं पसरतं, ते आवरायचं कसं

पाकिटाच्या बाहेरच्या भागासाठी २०० बाय ९० मिलिमीटरचा तुकडा नेमका कापला, त्यावर फुलापानांची नक्षी ठोकली, वाळवला आणि आतल्या कप्प्यांवर ठेवून पाहिला, तर एका टोकाला चार मिलिमीटर बाहेर येतो. वरच्या कडेला चार, खालच्या कडेला दोन, असंही होतं. शिवणीची भोकं आधीच पाडली असतील तर आणखी पंचाईत. चार मिलिमीटरच्या टाक्याने २०० मिलिमीटरमध्ये पन्नास टाके बसतात. म्हणजे चार मिलिमीटर वाढ झाली की अख्खा एक टाका सरकला. बाहेरची आणि आतली भोकं मग कितीही ओढाताण केली तरी जुळत नाहीत.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच असतो: मागून टेप लावा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याच्या आधी पाणी बघायला हवं. गरजेपेक्षा ओलं चामडं कुठल्याही टेपला दाद देत नाही. ओल बेताची असेल तर साडेतीन मिलिमीटरच्या चामड्याला बऱ्याचदा टेप लागतही नाही.

मुळात होतं काय, तर चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. कोरडं असताना हे तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात. आत पाणी शिरलं की ते एकमेकांवरून सरकू लागतात. ठसा उमटतो तो यामुळेच, आणि चामडं पसरतं तेही यामुळेच. म्हणून पसरणं शून्यावर आणायच्या नादाला लागू नये. ठशाखाली दाबला गेलेला माल कुठेतरी जाणारच. पोळी लाटताना कणीक जशी लाटण्याच्या दोन्ही बाजूंना सरकते, तसंच हे. पोळपाटावर पीठ कमी पडून पोळी चिकटली की मात्र ती पसरायचं थांबते. मागून फिल्म किंवा टेप लावतो तेव्हा आपण हेच मुद्दाम करत असतो.

जाडीचा फरक इथे फार पडतो. पट्ट्याच्या ३.२ ते ३.६ मिमी चामड्यात ठसा वरच्या थरातच मुरतो, आणि खालचं न हललेलं चामडं वरच्याला धरून ठेवतं. पाकिटाच्या १.२ ते १.६ मिमी चामड्यात असा धरून ठेवणारा थर उरतच नाही. ठोका थेट तळापर्यंत पोचतो. (अमेरिकन व्हिडिओंमध्ये जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिमी. त्यांचं ‘आठ-नऊ औंस’ म्हणजे हेच पट्ट्याचं चामडं.) शेरिडन पद्धतीच्या नक्षीत, म्हणजे वायोमिंगमधल्या शेरिडन गावावरून नाव पडलेल्या, गोल फिरणाऱ्या देठांच्या दाट कामात, फुलांमधली सगळी जागा बारीक ठशांनी खाली बसवतात. शेकडो ठोके पडतात. पातळ चामड्यावर अशी नक्षी घ्यायची तर खाली लिहिलेलं सगळंच करावं लागतं. काठाने एक साधी वेल मारायची असेल तर निम्म्याने भागतं.

हे सगळं सालीने कमावलेल्या चामड्याबद्दल आहे. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं ठसा नीट धरतच नाही, तेव्हा त्याचा विचार सोडा. कोल्हापूरकडे चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं घट्ट असतं, ठसा चांगला घेतं. दक्षिणेत तरवडाच्या सालीने कमावलेलं शेळी-मेंढीचं पातळ चामडं दिसायला सुंदर, हाताला मऊ, पण दोन्ही हातांनी ओढलं तरी लांबतं. त्यावर मागून आधार लावल्याशिवाय एकही ठसा मारू नये. कानपूरकडचं खोगीर-लगामाचं जाड चामडं बऱ्याचदा तेल-चरबी पाजलेलं असतं. ते पाणी नीट पीत नाही आणि त्याला टेपही धरत नाही. घेताना पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर ते ठसेकामाचं नाही.

एकाच कातड्यातही भाग बघावा लागतो. पाठीचा, कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग सगळ्यात घट्ट. पोटाचा भाग सैल, विणकाम उसवल्यासारखा, तो हमखास पसरतो आणि पसरताना लाटा धरतो. मानेचा भाग ठशाला छान, फक्त सुरकुत्या बघून घ्या. तुकडा कुठला हे कळत नसेल तर दोन सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काटकोनात कापा, ओलसर करा आणि ओढून बघा. जी कमी लांबते ती दिशा पाकिटाच्या किंवा पट्ट्याच्या लांबीला ठेवायची. या दोन मिनिटांच्या कामाने पुढची निम्मी कटकट वाचते, आणि तरीही ते कोणी करत नाही.

आता पाणी. चामडं भिजवायचं नसतं, ओलावायचं असतं. स्पंज बुडवून पिळून घ्या आणि गुळगुळीत बाजूवरून सलग, कडेपासून कडेपर्यंत फिरवा. मध्ये थांबलात तर डाग राहतो. पातळ चामड्याला दोनदा, जाडाला चार-पाचदा. मग झिपच्या पिशवीत घालून निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. वरून ओलं आणि आतून कोरडं असेल तर ठसा मारायला जोर जास्त लावावा लागतो, आणि जास्त जोर म्हणजे जास्त पसरणं. पिशवीतून काढल्यावर लगेच सुरू करू नका. ओलं चामडं गडद दिसतं. ते उघड्यावर ठेवलं की हळूहळू मूळ रंगाकडे यायला लागतं. रंग जवळजवळ परत आलाय, पण गालाला लावलं तर अजून गार लागतंय, ही ठोकायची वेळ.

हे डोळ्यांनी जमेपर्यंत स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. तुकडा कोरडा असताना वजन लिहून ठेवा. ठसा उत्तम उमटतोय असं वाटलं की पुन्हा वजन करा. त्या चामड्याला कोरड्याच्या मानाने किती पाणी लागतं हे एकदा कळलं की पुढच्या तुकड्याला अंदाजाची गरज नाही.

पहिला ठसा नेहमी मायेत, म्हणजे पुढे कापून टाकायच्या भागात मारून बघा. ठशाच्या कडेने पाणी चमकलं तर फारच ओलं आहे, थांबा. ठसा उमटला पण पाचेक मिनिटांत कडा गोलसर झाल्या, तरीही ओलंच. ठशाचा रंग फिकट आणि खळगा उथळ असेल तर कोरडं पडलंय. नीट ओल असताना ठशाच्या तळाशी चॉकलेटी छटा येते आणि कडा धारदार राहतात. ही छटा आली की त्या ओलीत पसरणंही कमीत कमी असतं.

विदर्भात मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर अर्ध्या तासात कडा वाळून मधला भाग ओला राहतो, आणि तुकडा ठिकठिकाणी वेगवेगळा पसरतो. पंखा बंद करा, किंवा काम नसलेला भाग प्लास्टिकने झाकून ठेवा. पुन्हा पाणी द्यायची वेळ आली तर जवळजवळ कोरडा स्पंज वरवर फिरवा. दर वेळी नव्याने चिंब केलं की आधी बसलेले तंतू पुन्हा मोकळे होतात. उलट कोकणात पावसाळ्यात चामडं वाळतच नाही, आणि पिशवीत दोन दिवस राहिलं तर बुरशी धरतं. काम अर्धवट राहिलं तर पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवा. आणि पाणी फिल्टरचं घ्या. काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. सालीतल्या टॅनिनशी लोहाची गाठ पडली की काळे-निळे डाग येतात. कलमकारीत हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यापासून काळा रंग करतात, तीच ही प्रक्रिया. तिथे ती हवी असते, इथे नको. कडा लोखंडी खिळ्यांनी फळीवर ठोकून ठेवायची जुनी युक्तीही याच कारणाने धोक्याची. करायचीच तर पितळी टाचण्या वापरा, आणि त्याही मायेतच.

मागचा आधार. सगळ्यात सोपा म्हणजे पार्सलची चिकटपट्टी, खाकी किंवा पारदर्शक. ती चामडं कोरडं असताना लावायची. ओल्यावर ती धरत नाही, आणि धरलीच तर दहा ठोक्यांत सुटते. आधी मागची खरखरीत बाजू कोरड्या ब्रशने झाडून घ्या, सुटे धागे असतील तर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलका हात मारा. मग पट्टी ताणून न धरता, एका टोकाकडून दाबत लावा आणि चमच्याच्या पाठीने घासून बसवा. पट्टी ताणून लावली तर ती आखडते आणि तुकडा वाकतो.

जाड चामड्याला पट्ट्या एकमेकींवर पाचेक मिलिमीटर चढवल्या तरी चालतं. दीड मिलिमीटरच्या आत हे करू नका. जिथे पट्टीवर पट्टी चढते तिथली बारीक पायरी ठोकताना वर, गुळगुळीत बाजूवर रेघ होऊन उमटते आणि मग ती जात नाही. पातळाला पट्ट्या कडेला कड भिडवून लावा. सुरुवातीला सांगितलेल्या पाकिटाचा तुकडा मायेसकट २२० बाय ११० मिमीचा होतो. त्याला ७२ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात, जोड एकच येतो, आणि तो नक्षी नसलेल्या जागी नेता येतो. मग त्यावर काटकोनात दुसरा थर, त्याचेही जोड भिडवलेलेच. एका थराने लांबी बऱ्यापैकी आवरते, पण जोडावर रुंदी मोकळीच राहते. दोन थर लावायचे ते त्यासाठी. टेप लावल्यावर पाणी फक्त वरून द्यायचं हे ओघाने आलंच. टेपमुळे मागून पाणी उडत नाही, त्यामुळे ओल जास्त वेळ टिकते, हा वरचा फायदा.

फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे स्टिकरच्या व्हिनाइलचे उरलेले तुकडे फुकटात मिळतात, आणि रुंद असल्यामुळे जोड येत नाही म्हणून ते वापरायचा मोह होतो. पण मऊ व्हिनाइल चामड्याबरोबर स्वतःच पसरतं. जो आधार स्वतः ताणतो त्याचा उपयोग काय. रंगकामाची कागदी मास्किंग टेपही तशीच कुचकामी, ओल लागली की लगदा. कापडी टेप धरते जोरात, पण काढताना मागचे धागे उपटून आणते आणि चिकटा मागे सोडते.

पातळ चामड्यासाठी पसंती विचाराल तर एक्स-रेची जुनी फिल्म. ती पॉलिएस्टरची असते, जेमतेम ०.१८ मिमी, आणि हाताने कितीही ओढली तरी लांबत नाही. १४ बाय १७ इंचांच्या मोठ्या फिल्मवर पाकिटाचे तीन-चार तुकडे मावतात. प्रत्येक घरात कपाटावर खाकी पाकिटात एखादी असतेच. डॉक्टरला पुन्हा लागणार नाही एवढी खात्री करून घ्या. फिल्म ओलसर कापडाने पुसून वाळवा. पंक्चरवाले वापरतात ते रबर सोल्युशन फिल्मवर पातळ पसरा, कार्डाच्या तुकड्याने ओढून, कुठेही गाठ राहू न देता. पाच-सात मिनिटांनी बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, असं झालं की कोरडं चामडं मधून कडांकडे दाबत बसवा आणि लाटणं फिरवा. सोल्युशन फक्त फिल्मला लावायचं. दोन्हीकडे लावलं तर पकड इतकी घट्ट होते की सोडवताना चामडंच ताणतं, आणि सगळी मेहनत वाया. सुताराचं पिवळं काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह तर अजिबात नको, ते कायमचं असतं. सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद.

फिल्मऐवजी पुठ्ठा किंवा एमडीएफवर चिकटवणारेही आहेत. पसरणं त्यानेही थांबतं, पण पुठ्ठा ठोका पिऊन टाकतो. ठसा बोथट आला की हात आपोआप जोरात पडतो. मागचा थर पातळ आणि कडक हवा, आणि त्याखाली दगड. ओट्याचं काम करणाऱ्यांकडे १८-२० मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचा फूटभर तुकडा सहज मिळतो. कडप्पाही चालतो, पण त्याचे थर सुटतात, कोपरे उडतात. दगड टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवा. टेबलाच्या मध्यावर ठेवलात तर फळी उसळते आणि निम्मा ठोका तिथेच जातो.

पातळ अस्तर आधीच कायमचं चिकटवून मग ठोकणं हाही एक मार्ग आहे, पण तो फक्त सपाट राहणाऱ्या वस्तूंना, कोस्टर किंवा वहीच्या पुठ्ठ्याला. दुमडणाऱ्या पाकिटाला अस्तर वाकवलेल्या स्थितीत चिकटवावं लागतं, नाहीतर घडीवर आत चुण्या पडतात.

ठोकायचा क्रमही पसरण्यावर परिणाम करतो. स्विव्हल नाइफच्या, म्हणजे नक्षीच्या रेघा चिरायच्या फिरत्या सुरीच्या रेघांनी चामडं पसरत नाही. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, फार तर निम्म्यापर्यंत चिरायचं. बेव्हलरने, म्हणजे चिरलेल्या रेघेची एक बाजू उतरती दाबणाऱ्या ठशाने थोडं पसरतं. खरा उद्योग करतो तो पार्श्वभूमी खाली बसवणारा बारीक दाण्यांचा ठसा, कारण तिथे प्रत्येक जागी तीन-चार ठोके पडतात. म्हणून तो शेवटी, हलक्या हाताने आणि तुकड्यावर सगळीकडे फिरत. डावा कोपरा पूर्ण करून मग उजवीकडे जाणं चूक. डावा कोपरा पसरून बसलेला असतो आणि उजवीकडची नक्षी तोपर्यंत तिरकी झालेली असते. पूर्ण पृष्ठभागावर टोपलीविणीचा ठसा मारताना हे सगळ्यात ठळक दिसतं: एका टोकाकडून सुरुवात केली तर शेवटच्या ओळी काठाशी समांतर राहत नाहीत. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे जा. मोगरी लाकडी किंवा नायलॉनची, ४०० ते ५०० ग्रॅमची. फार हलकी घेतली तर एकाच जागी दुप्पट ठोके मारले जातात.

सगळीकडे सारखं पसरलं तर फारसं बिघडत नाही, माप थोडं मोठं होतं एवढंच. बिघडतं ते एकीकडे पसरलं की. पट्ट्याच्या एका काठाला दाट वेल आणि दुसऱ्याला नुसती रेघ असेल तर पट्टा केळ्यासारखा वाकतो. वर्तुळाच्या एका अर्ध्यात नक्षी आणि दुसऱ्यात नाव असेल तर वर्तुळाचं अंडं होतं. अशा नक्षीत कुठलाच आधार पूर्ण पुरत नाही. नक्षी आखतानाच दोन्ही बाजूंचा भार सारखा ठेवायला हवा.

आणि माया ठेवा. शिंपी ठेवतात तशीच. पातळ चामड्याला चारी बाजूंनी १० मिमी, जाडाला ५-६. अंतिम मापाला कापणं, कडा तासून पातळ करणं, भोकं पाडणं, हे सगळं ठसेकाम होऊन तुकडा पूर्ण वाळल्यावरच. कडा आधी तासल्या तर त्या झालरीसारख्या लाटा धरतात. कापायची रेघही टेम्प्लेटवरून न काढता ठोकलेल्या बॉर्डरवरून काढा. कंपासपेटीतला डिव्हायडर पाच मिलिमीटरवर लावून त्याचं एक टोक बॉर्डरच्या खाचेत फिरवलं की कड सगळीकडे सारख्या अंतरावर येते, चामडं एखाद मिलिमीटर वाढलं असलं तरी. आतले कप्पे त्यानंतर, बाहेरच्या तुकड्याचं खरं माप घेऊन कापा. उलट क्रमाने जाणाऱ्यांचीच भोकं जुळत नाहीत.

वाळवताना घाई नको. आधार तसाच ठेवून, सावलीत, सपाट, चोवीस तास. ऊन किंवा हेअर ड्रायर लावला तर चामडं आक्रसतं, कडक होतं आणि वेडंवाकडं वाळतं. टेप ओल्यावरच ओढून काढणं ही तर अगदी शेवटी होणारी चूक. ठोकताना जे पसरलं नाही ते त्या एका ओढण्याने पसरतं. पूर्ण वाळल्यावर चामडं दगडावर पालथं दाबून धरा आणि टेप जवळजवळ स्वतःवर उलटी दुमडत, सावकाश काढा. चामडं ओढायचं नाही, टेप ओढायची. फिल्म काढतानाही फिल्म वाकवायची, चामडं सपाट ठेवायचं. राहिलेलं सोल्युशन अंगठ्याने घासलं की गोळ्या होऊन निघतं. टेपचा चिकटा राहिला असेल तर १२० चा पेपर मारा, नाहीतर अस्तर तिथे धरणार नाही. तेल यानंतरच द्या, आधी नाही.

पसरून गेलेल्या तुकड्याचं काय? मागून किंचित ओल देऊन कडा बोटांनी आत ढकलत, वर स्वच्छ कागद आणि वजन ठेवून वाळवला तर थोडा परत येतो, सगळा येत नाही. वाकलेला पट्टा ओलसर असतानाच उलट्या बाजूने किंचित जास्त वाकवा, फळीवर दोन्ही टोकं दाबून वाळवा, आणि उरलेला बाक सरळ पट्टीने कापून काढा. त्यासाठी लागणारी रुंदी मायेतून मिळते, ठेवली असेल तर.